बंदी उठली, नोंदवही चालूच राहिली

"साइट तर चालू आहे, मग सेन्सॉरशिप कुठे आहे?" हा प्रश्न आपल्यातले कार्यकर्तेसुद्धा विचारतात. मित्रांनो, असे म्हणण्याआधी सीरियातले २०११ साल एकदा नीट पाहा.

आधी यंत्र समजून घेऊ. प्रॉक्सी म्हणजे तुम्ही आणि वेबसाइट यांच्या मध्ये बसवलेला संगणक. तुमची मागणी आधी त्याच्याकडे जाते, तो ती पुढे नेतो आणि आलेले पान तुम्हाला देतो. १९९४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेच्या वेब सर्व्हरला ही सोय जोडली गेली. आरी लुओटोनेन आणि केविन ऑल्टिस यांनी त्याच वर्षी तिच्यावर निबंध लिहिला. हेतू साधा होता. फायरवॉलच्या आतल्या लोकांना बाहेरचे वेब मिळावे आणि एकदा आणलेले पान साठवून पुन्हा वापरता यावे.

पण मध्ये बसलेल्याला सगळे दिसते. स्क्विड नावाचा प्रॉक्सी फुकट मितो म्हणून आजही कित्येक ठिकाणी वापरतात. तो उभारणारा माणूस नियमांची यादी लिहितो. ती वरून खाली वाचली जाते आणि पहिला जुळणारा नियम ठरवतो, सोडायचे की अडवायचे. निकाल काहीही लागो, नोंदीच्या फाइलमध्ये एक ओळ पडते: वेळ, मागणाऱ्याचा आयपी पत्ता, मागितलेल्या पानाचा पत्ता. सोडलेल्याचीही नोंद होते, खरी मेख इथे आहे!

सीरियात फेसबुकवर २००७ पासून बंदी होती. फेब्रुवारी २०११ मध्ये ती उठली. मार्चमध्ये उठाव पेटला. ऑक्टोबरमध्ये टेलिकॉमिक्स या हॅकर गटाने तिथल्या प्रॉक्सींच्या नोंदी जगापुढे टाकल्या. यंत्रे कॅलिफोर्नियाच्या ब्लू कोट कंपनीची होती. ही कंपनी १९९६ मध्ये कॅशफ्लो या नावाने सुरू झाली होती, म्हणजे मूळ धंदा पाने साठवून वेग वाढवण्याचा.

संशोधकांनी सात प्रॉक्सींच्या सुमारे ६०० गीगाबाइट नोंदी तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. अडवलेल्या मागण्या किती? जेमतेम एक टक्का. बाकीच्या बहुतेक सोडल्या होत्या, पण लिहून घेऊन. फेसबुक उघडे होते, उठावाची ठरावीक पाने तेवढी बंद. पत्त्यात 'प्रॉक्सी' हा इंग्रजी शब्द आला की मागणी अडायची. फेसबुकच्या स्वतःच्या एका फाइलच्या नावात तो शब्द होता, म्हणून तीही अडकली. असा हा आंधळा पहारेकरी. त्याच्या शेजारी बसलेला कारकून मात्र डोळस होता. एचटीटीपीएस असले तर साध्या प्रॉक्सीला फक्त साइटचे नाव कळते, पण तेव्हा बहुतेक वेब त्याशिवायच चालायचे, म्हणजे कोणी कोणते पान वाचले तेही उघडे.

मग जाब कोणाला विचारला गेला? ब्लू कोटने सांगितले, आम्ही ही यंत्रे इराकसाठी पाठवली होती. २०१३ मध्ये दुबईच्या एका वितरक कंपनीने अमेरिकेच्या वाणिज्य खात्याला २८ लाख डॉलर दंड भरायचे मान्य केले. आरोप निर्यातीचे नियम मोडल्याचा होता. लोकांचे वाचन लिहून घेतल्याचा त्यात आरोपच नव्हता.