एका गाडीत दीड माणूस

आज लॉस एंजेलिसला जायचंय, पण वाट सिंगापूरवरून आहे.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं. आपल्याकडे ही कहाणी कैद झालेल्या हिंदी जवानांची. अमेरिकेत मात्र तिचा फटका टायरला बसला, कारण मलायाचं रबर जपान्यांच्या हाती गेलं. डिसेंबर १९४२ पासून तिथे देशभर पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं, तेही मुख्यतः टायर झिजू नयेत म्हणून. कामावर जाताना गाडीत चार जण घ्या, असं सांगणारी भित्तिपत्रकं निघाली. एकट्यानं गाडी हाकणाऱ्याच्या शेजारी हिटलर बसलाय, असं एक चित्र अजून प्रसिद्ध आहे. युद्ध संपलं, रेशन उठलं आणि माणसं पुन्हा एकेकटी निघाली.

पुढची लढाई धुरक्याशी होती. लॉस एंजेलिसची हवा डोंगरांत अडकते आणि गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की डोळे चुरचुरतात. १९८७ च्या अखेरीस तिथल्या प्रादेशिक हवा-नियंत्रण मंडळानं ‘रेग्युलेशन १५’ मंजूर केलं. एका जागी १०० किंवा अधिक माणसं कामाला असतील, तर सकाळी ६ ते १० दरम्यान येणारी माणसं आणि त्यांच्या गाड्या मोजायच्या. माणसांना गाड्यांनी भागायचं. बहुतेक भागात उत्तर १.५ यायला हवं, शहराच्या गाभ्यात १.७५, दूरच्या भागात १.३. म्हणजे दीडच्या हिशेबानं १०० माणसांमागे सुमारे ६७ गाड्या. बंगळुरू-हैदराबादच्या आयटी पार्कात असणाऱ्यांनी आपल्या गेटवर उभं राहून एकदा हा भागाकार करून पाहावा.

आता खरी गंमत. कंपनीनं दरवर्षी योजना द्यायची, त्यासाठी प्रशिक्षित माणूस नेमायचा. योजना दिली नाही तर दंड. पण योजना देऊन आकडा गाठला नाही तर? काही नाही! फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रकार नवा नाही. रिटर्न वेळेवर गेलं की वरचे खूश, मग मोटार ट्रान्सपोर्टच्या शेडमध्ये गाडी चालू असो वा ठोकळ्यांवर.

पहिल्या वर्षात सरासरी वाढली ती जेमतेम तीनएक टक्के. कंपन्यांनी सोबत्यांच्या याद्या लावल्या, बक्षिसं दिली, पण फुकट पार्किंगला हात लावला नाही. तिथेच गाठ होती. दारात फुकट जागा असताना शेजाऱ्याची वाट बघत कोण थांबेल?

ही गाठ डोनाल्ड शूप या प्राध्यापकानं ओळखली. कॅलिफोर्नियानं १९९२ मध्ये कायदा केला: काही मालक भाड्यानं जागा घेऊन नोकरांना पार्किंग देत, त्यांनी ती नको असणाऱ्याला तेवढे पैसे रोख द्यायचे. शूप यांनी अशा आठ कंपन्या तपासल्या. एकटे गाडीनं येणारे ७६ टक्क्यांवरून ६३ वर आले, सोबत येणारे १४ वरून २३ वर. धाक नाही, भित्तिपत्रक नाही. जागेची किंमत माणसाच्या हातात ठेवली, एवढंच. माझ्या मते सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी चाल, आणि तिचीच सर्वांत कमी नक्कल झाली.

नक्कल झाली ती रिटर्नची. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्तीनं शिकागो, ह्यूस्टनसारख्या धुरकट शहरांवरही अशाच योजना लादल्या. मालक चिडले, कामगारही चिडले, आणि डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकी संसदेनं ही सक्ती ऐच्छिक करून टाकली. वॉशिंग्टन राज्याचा १९९१ चा कायदा मात्र टिकला.

लॉस एंजेलिसमध्येही त्याच महिन्यात नवा नियम आला, ‘रूल २२०२’. पुढे त्याची मर्यादा २५० कामगारांवर गेली. त्यात कंपनीला निवड आहे: कामगारांच्या फेऱ्या कमी करा, नाहीतर हवा सुधारण्याच्या निधीत पैसे भरा. म्हणजे गेटवर सकाळी येणाऱ्या गाड्या कमी करण्याऐवजी पैसे भरण्याचीही वाट आहे.