फाटलेल्या आवाजाची वंशावळ

गणपतीच्या मंडपात आरती ऐन भरात आली आणि आवाज फाटला, की मंडळाचा कुणीतरी कार्यकर्ता मशीनवाल्याकडे डोळे वटारून बघतो. मशीन म्हणजे अँप्लिफायर. मशीनवाला निमूटपणे एक बटण जरा मागं घेतो. नाशिकमध्ये भोंगे भाड्यानं देणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच सांभाळलं: आवाज फाटता कामा नये. याच शहरात दारं-खिडक्या लावून गिटारचा सराव करणारा मुलगा मात्र तेच बटण पुढं, आणखी पुढं नेत असतो. त्याला आवाज फाडायचाच असतो. फक्त तो वाल्व्हसारखा फाटायला हवा, ट्रान्झिस्टरसारखा फाटला की त्याचं तोंड वाकडं होतं.

हे चोखंदळपण आलं कुठून, ते बघायला मागं जावं लागतं.

ली द फॉरेस्टनं १९०६ मध्ये निर्वात काचेच्या नळीत तापलेली तार आणि पत्रा यांच्यामध्ये एक जाळी बसवली. जाळीवर बारीकसा विद्युतदाब बदलला की नळीतून जाणारा प्रवाह कितीतरी मोठ्या मापात बदलतो. ही नळी म्हणजेच वाल्व्ह, आणि क्षीण आवाज मोठा करायची युक्ती हीच. आपल्याकडे ती सभेच्या मैदानात आणली मोटवाने घराण्यानं. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमधल्या सक्करला सुरू केलेला व्यवसाय कराचीमार्गे १९१९ मध्ये मुंबईला आला. त्यांचा मुलगा नानिक यानं १९३१ च्या कराची अधिवेशनापासून काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले. गांधी-नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत माईकवर ‘शिकागो रेडिओ’ ही पाटी दिसते, ती यांचीच. नाव अमेरिकेतल्या शहराचं, घराणं सिंधी. १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानिक मोटवानेही आरोपी होते. ते निर्दोष सुटले.

सप्टेंबर १९५० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नाशिकलाच भरलं, पुरुषोत्तमदास टंडन अध्यक्ष होते. वाल्व्हचंच काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरचा शोध लागून तेव्हा तीनही वर्षं झाली नव्हती आणि तो अमेरिकेतही बाजारात रुळला नव्हता. म्हणजे त्या मंडपात घुमलेला शब्द न्‌ शब्द वाल्व्हमधूनच गेला असणार. ती मशीनं दोन माणसांनी उचलायची. वजन मुख्यतः आतल्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरचं. चालू केल्यावर वाल्व्ह तापेपर्यंत गप्प बसायचं. मग नळ्यांत नारिंगी उजेड येई, बारीक घुमणं सुरू होई आणि ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ला वाट मोकळी होई.

गिटारचा अँप हा या मशीनचा सख्खा चुलतभाऊ. लिओ फेंडरचं कॅलिफोर्नियात रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं; भाड्यानं लाऊडस्पीकर देणं हाही त्याचा उद्योग. गिटारसाठी त्यानं केलेले अँप त्याच विद्येतून आले, आणि त्याचाही हेतू आवाज स्वच्छ ठेवण्याचाच होता. पण १९५१ मध्ये ‘रॉकेट ८८’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण व्हायचं होतं तेव्हा वाटेत गिटारवाल्याच्या अँपला इजा झाली. स्पीकरचा पडदा खराब झाला होता, त्यात कागद कोंबून काम भागवलं आणि तो घरघरता आवाज तबकडीवर तसाच राहिला. लोकांना आवडला. १९६४ मध्ये किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसनं तर स्पीकरचा पडदा ब्लेडनं मुद्दाम चिरला. ‘आवाज फाटला’ हा आपला वाक्प्रचार तिथं अक्षरशः खरा झाला. मधल्या काळात, १९६२ मध्ये, लंडनमध्ये ढोल-ताशे विकणाऱ्या जिम मार्शलच्या दुकानात फेंडरच्याच आराखड्यावरून नवा अँप तयार झाला, आणि पुढं अँप पूर्ण चढवून वाजवणं हीच रीत होऊन बसली.

आपल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हा करतो काय? घोडीचा माथा अशा बेतानं घासतो आणि तारेखाली सुताचा धागा असा सरकवतो, की तार घोडीला पुन्हा पुन्हा ओझरती लागावी. मूळ स्वरात नसलेला झंकार त्यात मिसळतो. नेमकं मोजायला गेलात तर ही स्वराची मोडतोडच. त्याच मोडतोडीतून खर्जाच्या तारेवर स्वयंभू गांधार ऐकू येतो आणि आपण धन्य होतो.

वाल्व्हची जवारी अशीच. क्षमतेच्या टोकाला पोचताना वाल्व्ह एकदम हात वर करत नाही, हळूहळू कुरकुरायला लागतो. स्वराची लाट ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहिली तर तिचा माथा टेकाडासारखा गोलसर दबलेला दिसतो. ट्रान्झिस्टर टोकापर्यंत अगदी सरळ चालतो आणि मग कापल्यासारखा थांबतो. लाटेचा माथा मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईसारखा सपाट, बाजूला उभे कडे. गोल माथ्यातून जवळचे स्वरांश अधिक येतात: सा वाजवला तर वरचा सा, त्याच्या वरचा पंचम. कड्यांतून दूरचे येतात. त्यातला सातवा कोमल निषादाच्या आसपास, पण उतरलेला, कुठल्याच घरचा नसलेला. रसेल हॅम या ध्वनिअभियंत्यानं १९७३ मध्ये हा फरक मोजून मांडला आणि तेव्हापासून ‘वाल्व्ह म्हणजे दुसरा स्वरांश, ट्रान्झिस्टर म्हणजे तिसरा’ हे सूत्र वेदवाक्यासारखं फिरतं आहे. ते अर्धंच खरं. मोठ्या गिटार-अँपमध्ये वाल्व्ह जोडीनं काम करतात आणि त्या जोडणीत दुसरा स्वरांश बराचसा आपसातच खपतो. ट्रान्सफॉर्मर, जोराच्या आघाताला क्षणभर खचणारा वीजपुरवठा आणि खुद्द स्पीकर यांचंही श्रेय मोठं आहे.

भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बंगळूरला रेडिओचे वाल्व्ह १९६१ मध्ये बनवायला घेतले आणि लगेच १९६२ मध्ये जर्मेनियमचे अर्धवाहक, म्हणजे ट्रान्झिस्टरची जात. एकाच छपराखाली थोरला रांगायला लागतो न लागतो तोच धाकटा जन्माला आला. भोंगेवाल्यांनी धाकट्याला हसत घरात घेतलं. वाल्व्हला तीन-चारशे व्होल्ट हवेत, ट्रान्झिस्टरला मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी पुरते. रिक्षावर भोंगा बांधून गल्लोगल्ली फिरणारा निवडणुकीचा प्रचार यामुळेच सोपा झाला, आणि मिरवणुकीतली बेंजो पार्टीही. हा बेंजो मूळचा जपानचा, १९१२ मध्ये नागोयात जन्मलेला ताइशोगोतो. आपल्याकडे बुलबुल तरंग होऊन आला, मग त्याला पिकअप लागला आणि तो ढोलांच्या गराड्यात चढ्या आवाजात बोलू लागला. भोंग्यातून वाल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांत डावं-उजवं करणं अवघडच होतं. भोंगा खर्ज जवळजवळ गाळूनच टाकतो आणि मधले स्वर नाकातून काढतो. तिथं जवारी ऐकायची कुणी?

गिटारच्या बारा इंची कागदी पडद्यातून मात्र ती लपत नाही, म्हणून गिटारवाले अडून बसले. तेही पूर्ण नाही. १९६२ चं मॅस्ट्रोचं फझ पेडल ट्रान्झिस्टरचंच, आणि त्याचं कर्कश फाटणं पुढं जगभर गाजलं. १९७५ चा रोलंडचा जेसी-१२० संपूर्ण ट्रान्झिस्टरचा. न फाटणाऱ्या, धुतल्यासारख्या आवाजासाठी लोक आजही तो मागून घेतात. १९८५ मध्ये बॉब कार्व्हरनं ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांसमोर आपला ट्रान्झिस्टर-अँप एका महागड्या वाल्व्ह-अँपशी इतका जुळवून दाखवला, की त्यांना फरक सांगता येईना. तो घरी रेकॉर्डी ऐकायचा अँप होता, मर्यादेत चालणारा. मर्यादेत दोघंही सज्जन. खरी ओळख पटते ती धक्का देऊन बघितल्यावर, आणि गिटारवाला पहिल्या सुरापासून धक्काच देत असतो. माझा कान विचाराल तर जोरात वाजवलेल्या लहान वाल्व्ह-अँपकडे झुकतो. शेजाऱ्यांचा कान विचारू नका.

शिकागो रेडिओच्या मोटवाने कंपनीचा कारखाना आज नाशिकरोडला आहे. तिथं मल्टीमीटर बनतात. जुना वाल्व्ह-अँप दुरुस्तीला उघडला, की आतले कपॅसिटर बटण बंद केल्यावरही जबर दाब धरून बसलेले असतात. म्हणून आधी मीटरच्या दोन वायरी लावायच्या आणि काटा शून्यावर उतरेपर्यंत दुसरा हात खिशात ठेवायचा.