तेलशुद्धीचे कारखाने आणि कुलाब्याचा कामगार



कुलाबा जिल्ह्यातील माणूस पोटासाठी मुंबईस गेला, या गोष्टीचा इतिहास सांगताना आपण गिरणी आणि गोदी या दोन शब्दांवर थांबतो. तिसरा एक शब्द गेली सत्तर वर्षे आपल्याकडील कित्येक घरांतून बोलला जात आहे. तो इतिहासाच्या पुस्तकात मात्र फारसा चढलेला नाही. तो शब्द म्हणजे रिफायनरी. आम्ही ते काम केले, त्या कुंपणाला लागून राहिलो आणि पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो. तेव्हा आज जे सांगणार आहोत त्यात काही वाचलेले आहे आणि काही पाहिलेले आहे. या दोहोंची सरमिसळ होऊ नये इतकी काळजी घेऊ.

प्रथम वाचलेले सांगतो. आपल्या देशातील पहिला तेलशुद्धीचा कारखाना आसामात डिग्बोई येथे १९०१ साली निघाला. १९३९ साली तेथील कामगारांनी संप केला, तेव्हा १८ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात तीन कामगार मारले गेले. पुढे महायुद्ध पेटले आणि युद्धकाळच्या कायद्यांच्या जोरावर तो संप मोडण्यात आला. तेलाच्या धंद्यातील मजुराची कहाणी आपल्याकडे अशी गोळीने सुरू होते. तरीही त्या काळी देशाला लागणारे बहुतेक तेल बाहेरूनच शुद्ध होऊन येत असे. इराणातील आबादानचा कारखाना त्यात अग्रगण्य होता आणि तेथेही शेकडो हिंदी माणसे कामास होती. १९५१ साली इराणने आपले तेल राष्ट्राच्या मालकीचे केले आणि आबादानचे काम ठप्प झाले. परक्याच्या भट्टीवर अवलंबून राहणे किती धोक्याचे आहे, हे त्या वर्षी आपल्या सरकारला पुरते कळून चुकले असावे.

त्याच वर्षाच्या अखेरीस भारत सरकारने स्टँडर्ड व्हॅक्युम आणि बर्मा-शेल या कंपन्यांशी करार केले. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, म्हणजे आपल्या रोह्याचेच. करारात कंपन्यांना असे अभिवचन होते की, पंचवीस वर्षे हे कारखाने सरकार ताब्यात घेणार नाही. त्याप्रमाणे तुर्भ्याच्या टेकडीच्या पायथ्याशी, माहुल गावच्या जमिनीवर, १९५४ साली पहिला आणि १९५५ साली दुसरा कारखाना चालू झाला. पहिला १९६२ पासून एस्सो या नावाने ओळखला जाऊ लागला. पंचवीस वर्षे भरण्यापूर्वीच, वाटाघाटी होऊन, १९७४ साली एस्सो आणि १९७६ साली बर्मा-शेल सरकारकडे आले. त्यांचीच आजची नावे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम. पुढे २००३ साली या दोन्ही कंपन्या विकावयाचे घाटत असता सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, संसदेने कायदा करून घेतलेली मालमत्ता संसदेला विचारल्यावाचून विकता येणार नाही. या इतिहासात कंपनीचे नाव, सरकारचे नाव आणि न्यायालयाचे नाव आहे. कामगाराचे नाव कोठे आहे, ते आता पाहू.

रिफायनरीत नेमके काय चालते, हे घरोघर तिचे तेल जळत असूनही थोड्यांना ठाऊक असते. कच्चे तेल मुंबई बंदरातील जवाहर द्वीपाजवळ जहाजांतून उतरते आणि समुद्राखालील नळांनी तुर्भ्यास येते. भट्टीत ते साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. मनोऱ्यात एकावर एक तबके असतात. जो भाग हलका तो वाफ होऊन वर चढतो आणि जड तो खाली राहतो. माथ्यावर वायू, त्याखाली पेट्रोलचा अंश, मग रॉकेल, मग डिझेल आणि तळाशी घट्ट काळा गाळ. त्या गाळातूनच डांबर निघते. हे काम रात्रंदिवस चालते, तीन पाळ्यांत चालते. गिरणीचा भोंगा झाला की साचे थांबत. येथे तसे थांबता येत नाही.

मात्र काही वर्षांनी एकदा थांबावेच लागते. मनोरे उघडावयाचे, नळ सोडवावयाचे, टाक्यांच्या तळाचा गाळ उपसावयाचा. याला सगळे शटडाऊन म्हणतात. कायम कामगारांची संख्या ठरलेली असते. या काही आठवड्यांसाठी ठेकेदार शेकडो माणसे आणतो. फिटर, रिगर, वेल्डर आणि त्यांच्या हाताखाली हेल्पर. आम्ही वयाच्या अठराव्या वर्षी असेच हेल्पर म्हणून गेलो. पेणच्या खारेपाटातील आम्ही मुले. मिठागरावर आणि बांधावर राबलेली. चिखलाची सवय असल्यामुळे टाकीच्या गाळात उतरण्यास आम्हास पुढे करीत. १९८६ साली आगगाडी रोह्यापर्यंत आली होती, त्यामुळे सुट्टीला घरी जाणे सोपे झाले होते. आमच्या वडिलांच्या पिढीतील माणसे रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरत.

राहावयास आम्ही माहुलात होतो. दहा बाय दहाच्या खोलीत नऊ जण, पाळीपाळीने झोपणारे, आणि जेवण एका मावशींच्या खानावळीत. माहुल हे मूळचे कोळ्यांचे आणि आगऱ्यांचे गाव. त्यामुळे तेथील बोली ऐकून आम्हास आपल्याच गावी आल्यासारखे वाटे. रात्री चिमणीच्या टोकावर ज्योत जळे आणि खोलीच्या भिंतीवर तांबूस उजेड हले. नवा माणूस आला की पहिले तीन दिवस त्याला वासाने जेवण जात नसे. चौथ्या दिवसापासून वास येईनासा होई. वास गेलेला नसे, आपले नाक मेलेले असे. मावशींचे यजमान होडीवर जात. खाडीत पूर्वी काय काय मिळे, याची यादी ते आम्हास मासळीच्या नावांनिशी सांगत आणि शेवटी म्हणत, “आता तुम्ही पगार आणता, आम्ही जाळी सुकत घालतो.” त्यात राग नव्हता. त्यांचा एक मुलगाही ठेकेदाराकडेच होता.

याच खानावळीत १९९० च्या नोव्हेंबरात नागोठण्याची बातमी आली. उरणहून नळाने येणाऱ्या वायूवर चालणारा पेट्रोरसायन प्रकल्प रोहे तालुक्यात नुकताच उभा राहिला होता. ५ नोव्हेंबर रोजी तेथे वायू गळून स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. आमच्या खोलीत नागोठण्याकडचे दोघे होते. त्यांचे भाऊबंद तेथे कामास होते. दोघेही ताट तसेच ठेवून उठले आणि मिळेल त्या वाहनाने निघाले. मुंबईत जाऊन धोका पत्करावा लागतो, अशी आमची तोपर्यंत समजूत होती. त्या रात्री कळले की धोका आपल्या गावीही पोहोचला आहे.

आता जे सांगतो ते ज्या कारखान्यात घडले त्याचे नाव घेत नाही. ती रीत अनेक ठिकाणची होती. एका शटडाऊनमध्ये वडखळकडचा एक तरुण परांचीवरून पडला आणि कमरेतून गेला. तो आमच्याच टोळीत होता. चौकशी झाली तेव्हा मुकादमाने हजेरीपट पुढे केला. त्यात त्याचे नाव नव्हते. तो दुसऱ्याच कोणाच्या पासावर आत आला होता आणि ही व्यवस्था ठेकेदारानेच केलेली होती. आम्हास विचारण्यात आले, “हा तुमच्याबरोबर कामाला होता काय?” उद्या पुन्हा फाटकावर उभे राहावयाचे होते. आम्ही गप्प राहिलो. तो मुलगा आजन्म काठीवर चालला. भरपाई म्हणून त्याच्या हाती जे पडले ते आम्ही टोळीने जमविलेले पैसे. पुढे आम्ही संघटनेचे काम पत्करले ते कोणाच्या भाषणाने नव्हे, त्या गप्प राहण्याने.

कायदा नव्हता असे नव्हे. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० सालीच झाला होता. १९८४ साली भोपाळ घडले आणि १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक कामांविषयी नवे प्रकरण घालण्यात आले. आपण कोणते विष हाताळतो हे कामगारास आणि शेजारच्या वस्तीस सांगितले पाहिजे, असे त्यात आले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कंत्राटी पद्धत रद्द झाली तर तेथील कामगार मूळ मालकाचे कायम कामगार होतील. तो निकाल वाचून आमच्या युनियनच्या कचेरीत पेढे वाटले गेले. २००१ साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो फिरविला आणि कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही असे ठरविले. आता २०२५ च्या नोव्हेंबरापासून हे जुने कायदे नव्या संहितांत विलीन झाले आहेत. कलमांचे आकडे बदलले. पण २०२४ च्या सप्टेंबरात रोह्याजवळील धाटावच्या वसाहतीत स्फोट होऊन तीन कामगार गेले, तेव्हा दारात आलेल्या बायकांनी कलम विचारले नाही. आपला माणूस आत होता याची नोंद आहे ना, एवढेच त्यांना हवे होते.

आता जमिनीविषयी. आपला जिल्हा मुकाट्याने देणारा जिल्हा नाही. कामगार चळवळीचे आद्य पुढारी नारायण मल्हार जोशी आपल्या जिल्ह्यातील गोरेगावचे. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे संप चालविला. १९८४ च्या जानेवारीत उरण भागात, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली, पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. आणि २००८ च्या सप्टेंबरात आपल्या पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांनी विशेष आर्थिक क्षेत्राविषयी सार्वमत दिले. सरकारने शेतकऱ्याला मतपत्रिका देऊन जमिनीविषयी विचारावे, ही गोष्ट साधी नव्हे.

२०१९ साली रिफायनरी हा शब्द थेट रोह्याच्या दारात आला. रत्नागिरीतील नाणारची अधिसूचना त्या वर्षी रद्द झाली. अलिबाग, मुरुड, रोहे आणि श्रीवर्धन तालुक्यांतील चाळीस गावे सिडकोकडे सोपविण्यात आली होतीच. जूनमध्ये मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, प्रकल्प या भागात होईल. पुढे तो बारसूकडे गेला आणि २०२३ साली तेथे आंदोलन झाले. पण त्या पावसाळ्यात आम्ही रोहे तालुक्यातील गावोगाव बैठका घेत होतो. तरुण मुले नोकरीचे विचारीत, म्हातारी माणसे शेताचे. एका गावी एक आजी ओटीवर बसून सगळे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी आम्हास विचारले, “बाबा, तू तिथं काम केलंस. तुझं नाव हाय का तिथं कुठं लिवलेलं?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही आठ वर्षांत सहा ठेकेदारांकडे काम केले. त्यांपैकी दोघांनी भविष्यनिर्वाह निधी भरला. उरलेल्या वर्षांचा कागद नाही.

आम्ही कारखान्याचे वैरी नाही. माहुलच्या त्या खोलीतून पाठविलेल्या मनिऑर्डरींवर खारेपाटात पक्की घरे उठली आणि मुली शाळेत गेल्या. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण उद्या कोणताही मोठा कारखाना आपल्या वेशीशी आला, मग तो तेलाचा असो, औषधांचा असो की रसायनांचा, तर पेण-रोह्याच्या नागरिकांनी तीन कागद मागावेत, अशी आमची विनंती आहे. पहिला, गावाच्या चावडीवर मराठीत लावलेला धोक्याचा नकाशा. वायू सुटला तर वारा कोणीकडे नेईल आणि माणसांनी कोणीकडे जावयाचे, हे त्यात असावे. दुसरा, जमीन देणाऱ्याला काय मिळणार आणि केव्हा मिळणार, याचा करार. आणि तिसरा, रोजचा हजेरीपट, ज्यात ठेकेदाराच्या शेवटच्या हेल्परचेही नाव त्याच्या स्वतःच्या पासावर असेल. पहिल्या दोन कागदांसाठी सभा भरतात, मोर्चे निघतात. तिसऱ्यासाठी कोणी येत नाही, कारण ज्यांनी यावयाचे ते त्या वेळी कोठल्या तरी फाटकावर उभे असतात.

तेव्हा त्यांच्या वतीने आपण, शहरातील माणसांनी, तो मागावा. वडखळचा तो मुलगा आता आमच्याच वयाचा आहे. या व्याख्यानास त्याला बोलाविले होते. काठी घेऊन पायऱ्या चढवत नाहीत म्हणून तो आला नाही. त्याचे नाव आम्ही येथे घेतले नाही, कारण तशी त्याची परवानगी नाही. पण तो त्या दिवशी आमच्याबरोबर कामाला होता. पस्तीस वर्षे उशिरा का होईना, आम्ही हे आपणा सर्वांसमक्ष सांगत आहो.