ज्यूद्वेषी प्रचारपट: चित्रपटगृहापासून आंतरजालापर्यंत

एखाद्या समाजाविषयी घृणा पसरवून त्याच्यावरील अत्याचारांना लोकमान्यता मिळवून देण्याच्या हेतूने काढलेले चित्रपट हा प्रचारपटांचा एक प्रकार आहे. ज्यूंविरुद्ध या माध्यमाचा पद्धतशीर वापर नाझी जर्मनीने 1940 मध्ये केला. त्या एका वर्षात ‘डी रोथशील्ड्स’, ‘यूड झ्यूस’ आणि ‘डेर एविगे यूडे’ असे तीन चित्रपट प्रदर्शित झाले. यांपैकी फाइट हार्लान दिग्दर्शित ‘यूड झ्यूस’ हा सर्वाधिक परिणामकारक ठरला, कारण त्यात द्वेष हा भाषणाच्या नव्हे तर भावनाट्याच्या रूपाने येत होता. वुर्टेमबर्गच्या ड्यूकचा ज्यू अर्थसल्लागार योझेफ झ्यूस ओपेनहायमर याला 1738 मध्ये स्टुटगार्ट येथे फाशी देण्यात आली होती. त्याच्या चरित्राची मोडतोड करून रचलेली ही कथा सुमारे 2 कोटी प्रेक्षकांनी पाहिली आणि एसएस या नाझी निमलष्करी दलातील व पोलीस दलांतील लोकांना ती दाखवण्याचा आदेश खुद्द त्यांच्या प्रमुखाने, हाइनरिश हिमलरने, काढला.

फ्रिट्झ हिप्लरच्या ‘डेर एविगे यूडे’ची रीत वेगळी होती. हा चित्रपट माहितीपटाचा, म्हणजे प्रत्यक्ष वास्तवाच्या चित्रणाचा आव आणत होता. 1939 मध्ये जर्मन फौजांनी पोलंड व्यापल्यावर तेथील ज्यू वस्त्यांत चित्रीकरण झाले, आणि युद्ध व लूट यांनी आणखी बिकट केलेले दारिद्र्य हाच ज्यूंचा स्वभाव असल्याचे निवेदनातून ठसवले गेले. ज्यूंवरील अन्यायाविषयी सहानुभूती बाळगणाऱ्या 1934 च्या एका अमेरिकी चित्रपटातील तुकडाही त्यात ज्यूंविरुद्धचा पुरावा म्हणून जोडण्यात आला. दृश्याला त्याच्या कारणापासून आणि मूळ संदर्भापासून तोडणे हेच या खोटेपणाचे मुख्य तंत्र होते.

सुमारे 60 लाख ज्यूंच्या हत्येनंतर आलेल्या युद्धोत्तर व्यवस्थेने नेमका हा तुटलेला संदर्भ परत जोडण्याचा प्रयत्न केला. दोस्त राष्ट्रांनी अनेक नाझी चित्रपटांवर बंदी घातली. पुढे 1966 मध्ये स्थापन झालेल्या मुर्नाऊ प्रतिष्ठानाच्या ताब्यातील ‘यूड झ्यूस’सह सुमारे 40 चित्रपट ‘फोरबेहाल्ट्सफिल्म’, म्हणजे अटींवरच दाखवायचे चित्रपट, म्हणून राखून ठेवले गेले. त्यांच्या प्रदर्शनाआधी जाणकाराचे प्रास्ताविक आणि नंतर चर्चा बंधनकारक आहे. नागरिकांच्या नैतिक प्रतिकारालाही न्यायालयाने मान्यता दिली. हार्लानच्या युद्धोत्तर चित्रपटावर बहिष्कार घालण्याचे आवाहन एरिश ल्यूट यांनी 1950 मध्ये केले होते, आणि ते अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसते असा निर्णय पश्चिम जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने 1958 मध्ये दिला.

आंतरजालाने या व्यवस्थेतील प्रास्ताविक आणि चर्चा हे दोन्ही दुवे निखळवले. जुन्या प्रती संगणकीय रूपात कोणालाही, कोठेही आणि एकट्याने पाहता येऊ लागल्या. त्याच वेळी युद्धकालीन चित्रफितींवर नवे निवेदन चढवून, ‘दडवलेला इतिहास’ सांगण्याच्या नावाखाली, अनेक भागांचे नवे प्रचारपट तयार झाले. जागतिक ज्यू कटाची जी कल्पना त्यांतून मांडली जाते ती ‘प्रोटोकॉल्स’ या बनावट दस्तऐवजाने रुजवलेली असून, त्याची वाङ्मयचोरी लंडनच्या ‘टाइम्स’ने 1921 मध्येच उघड केली होती. 9 ऑक्टोबर 2019 रोजी, योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी, जर्मनीतील हाले येथील सिनेगॉगवर, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळावर, चालून गेलेल्या आणि दोन जणांची हत्या करणाऱ्या हल्लेखोराने आपल्या कृत्याचे थेट प्रक्षेपण केले. येथे हिंसा स्वतःच प्रचारपट बनली.

आंतरजालावरील मंचांचे नियम उशिराच कडक झाले. होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा वंशसंहार, नाकारणाऱ्या चित्रफितींना यूट्यूबने जून 2019 मध्ये आणि अशा मजकुराला फेसबुकने ऑक्टोबर 2020 मध्ये मनाई केली. काढलेली फीत पुन्हा ओळखण्यासाठी तिचा ‘हॅश’, म्हणजे बोटाच्या ठशासारखा संगणकीय ठसा, जपला जातो; तथापि चौकट कापून, वेग बदलून किंवा दृश्य उलटे करून ही ओळख चुकवता येते आणि तुकडा दुसऱ्या मंचावर पुन्हा उगवतो.

म्हणून फिती हटवणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. हे चित्रपट कोणी, कोणत्या सत्तेच्या सेवेत, कशाची काटछाट करून बनवले आणि त्यांच्या पाठोपाठ कोणाचा बळी गेला, हे शाळांनी, अभिलेखागारांनी आणि पत्रकारितेने त्याच पडद्यावर, तितक्याच सहज उपलब्ध करून देणे हे आजचे कर्तव्य आहे. कारण या चित्रपटांचे बळ प्रेक्षकाच्या अज्ञानावर उभे आहे आणि ते अज्ञान दूर करणे समाजाच्या हातात आहे.