डिस्कस मत्स्यालयाचा तळथर

डिस्कस मत्स्यालयाचा तळथर म्हणजे डिस्कस मासे पाळलेल्या टाकीच्या तळाशी पसरलेला वाळू, खडी किंवा मातीचा थर होय. मत्स्यपालनाच्या व्यवहारात त्यास सबस्ट्रेट असेही म्हणतात. टाकीची शोभा वाढवणे हा तळथराचा एक हेतू असला, तरी डिस्कसच्या बाबतीत त्याची निवड मुख्यतः पाण्याच्या शुद्धतेशी निगडित असते. हे मासे उष्ण पाण्यात राहतात, त्यांना प्रथिनयुक्त खाद्य वारंवार द्यावे लागते आणि साचलेल्या घाणीचा त्यांना लवकर त्रास होतो. त्यामुळे माशांचे वय, खाद्य देण्याची वारंवारता आणि स्वच्छतेची पद्धत यांवरून तळथर असावा की नसावा व असल्यास कोणता, हे ठरवले जाते.

## नैसर्गिक अधिवास

डिस्कस हे सिक्लिडे कुलातील सिंफिसोडॉन या प्रजातीचे मासे असून ते दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात आढळतात. योहान याकोब हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४० मध्ये सिंफिसोडॉन डिस्कस या जातीचे प्रथम वर्णन केले. संथ वाहणारे प्रवाह, पूरमैदानातील तळी आणि पाण्यात पडलेल्या झाडांच्या फांद्यांचा आडोसा हे त्यांचे निवासस्थान होय. तेथील तळ बारीक वाळू, गाळ व कुजणारी पाने यांचा बनलेला असतो. शेवाळ, वनस्पतींचे अवशेष आणि लहान अपृष्ठवंशी प्राणी हे त्यांचे अन्न आहे. तोंडातून पाण्याचा झोत सोडून वाळू उडवायची आणि उघडे पडलेले अन्न टिपायचे, ही त्यांची सवय टाकीतही दिसून येते. वाळूच्या बाजूने केला जाणारा हा प्रमुख युक्तिवाद आहे.

## तळथर आणि पाण्याची गुणवत्ता

उरलेले खाद्य व विष्ठा कुजल्याने पाण्यात अमोनिया निर्माण होतो. उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरप्रमाणे तळथरातील कणांवरही वाढतात, हा तळथराचा लाभ होय. परंतु डिस्कसची टाकी साधारणतः २८ ते ३० अंश सेल्सियस तापमानात ठेवली जाते. या तापमानात कुजण्याची क्रिया जलद होते आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी राहतो. थर फार जाड असल्यास त्याच्या खालच्या भागात ऑक्सिजन पोहोचत नाही आणि तेथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो. थर ढवळल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येणे, ही त्याची खूण आहे.

## प्रमुख पर्याय

उघडा तळ : यात काचेवर काहीही पसरले जात नाही. घाण तत्काळ दिसते व सायफन नळीने पूर्णपणे काढता येते. दिवसातून अनेक वेळा खाणाऱ्या पिलांसाठी, आजारी माशांसाठी आणि प्रजननाच्या टाकीसाठी ही पद्धत सोयीची ठरते. काचेच्या परावर्तनाने मासे बिचकू नयेत म्हणून टाकीखाली रंगीत कागद लावतात.

बारीक वाळू : सुमारे ०.५ ते १ मिलिमीटर आकाराची, गोलसर कणांची सिलिका वाळू प्रौढ डिस्कससाठी योग्य समजली जाते. कण जवळजवळ बसत असल्याने घाण आत न शिरता पृष्ठभागावर राहते. उष्ण पाणी सहन करणाऱ्या कोरिडोरास स्टर्बाय या तळाशी वावरणाऱ्या माशाच्या नाजूक मिशांनाही तिचा उपद्रव होत नाही.

खडी : मोठ्या खड्यांच्या फटींत खाद्याचे कण अडकतात आणि माशांना ते काढता येत नाहीत. नियमितपणे खोलवर सायफन न केल्यास हीच खडी प्रदूषणाचे कारण बनते. रंग दिलेल्या खडीचा लेप कालांतराने निघू शकतो.

पोषक माती : पाणवनस्पतींसाठी भाजलेल्या मातीच्या गोळ्या मिळतात. त्या पाण्याचा सामू व दुष्फेनता कमी करतात, जे डिस्कसला मानवते. मात्र त्यांपैकी अनेक मातींतून सुरुवातीच्या आठवड्यांत अमोनिया बाहेर पडतो. म्हणून टाकी पूर्ण स्थिरावण्यापूर्वी तीत मासे सोडू नयेत.

चुनायुक्त पदार्थ : प्रवाळाचा चुरा, शिंपल्यांची वाळू व संगमरवराचे तुकडे पाण्यात हळूहळू विरघळून सामू आणि दुष्फेनता वाढवतात. सामू वाढला की अमोनियाचा अधिक विषारी अंश वाढतो. त्यामुळे हे पदार्थ टाळले जातात.

## वाळूची परीक्षा

कोरड्या वाळूवर व्हिनेगरचे काही थेंब टाकल्यावर बुडबुडे आल्यास तीत चुन्याचा अंश आहे असे समजावे. अधिक खात्रीसाठी वाळूचा नमुना काही दिवस पाण्यात ठेवून आधीचा व नंतरचा सामू ताडून पाहतात. महाराष्ट्रात ही परीक्षा विशेष उपयुक्त आहे. समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतात, तर दख्खनच्या पठारावरील नदीच्या वाळूत चुनखडीचे खडे आढळू शकतात. खडक फोडून केलेल्या बांधकामाच्या कृत्रिम वाळूचे कण मात्र धारदार असल्याने ती वापरू नये.

## जाडी, रंग व वनस्पती

मुळे रोवणाऱ्या वनस्पती नसल्यास १ ते २.५ सेंटिमीटर जाडी पुरेशी असते. १२० × ४५ सेंटिमीटर तळाच्या टाकीत २ सेंटिमीटर थरासाठी सुमारे ११ लिटर, म्हणजे अंदाजे १६ किलो वाळू लागते. ॲमेझॉन स्वोर्डसारख्या वनस्पती कुंडीत लावल्यास संपूर्ण थर जाड करावा लागत नाही. अनुबियास व जावा फर्न लाकडावर बांधता येतात.

डिस्कस परिसरानुसार आपला रंग काही अंशी बदलतात. गडद तळावर पिजन ब्लड या संकरित प्रकाराच्या अंगावर काळे ठिपके वाढलेले दिसतात. म्हणून अशा माशांसाठी फिकट तळ, तर निसर्गातून आणलेल्या माशांसाठी किंचित गडद तळ पसंत केला जातो.

## देखभाल

वाळू साबण न वापरता, पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. सायफन नळी वाळूत न खुपसता पृष्ठभागाच्या किंचित वर फिरवावी आणि थर अधूनमधून हलकेच ढवळावा. फिल्टरचे पाणी ओढणारे तोंड तळापासून काही सेंटिमीटर उंच ठेवावे, अन्यथा वाळूचे कण पंपात शिरतात. जुना तळथर काढायचा असल्यास तो टप्प्याटप्प्याने काढणे हितावह असते. सर्व थर एकदम काढल्यास त्यावरील जिवाणूही जातात आणि अमोनिया अचानक वाढण्याचा धोका उद्भवतो.