शिपायाच्या खिशांतला कॅमेरा

श्रोतेहो, जुन्या छायाचित्रांची एखादी पेटी आपल्या घरोघरीं असतेच. तींतलें एखादें चित्र हातीं घेऊन आपण विचारतों, “हे गृहस्थ कोण?” आणि उत्तर देणारें माणूस घरांत उरलेलें नसतें. या हळहळीवर एका लहानशा कॅमेऱ्यानें एके काळीं तोड काढली होती. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील ईस्टमन कोडॅक कंपनीनें १९१२ मध्यें ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’ बाजारांत आणला. मिटला म्हणजे तो जेमतेम इंचभर जाडीचा होई आणि जाकिटाच्या खिशांत सहज राही. समोरचा भाग ओढतांच भाता उघडे. एका गुंडाळींत आठ चित्रें निघत. अमेरिकेंत त्याची किंमत ६ डॉलर होती.

पुढें हेन्री गाइसमन या संशोधकाची एक युक्ति जॉर्ज ईस्टमन यांनीं ३ लाख डॉलर देऊन विकत घेतली. फिल्म आणि तिच्या पाठीमागचा कागद यांच्यामध्यें कार्बनचा एक पातळ पापुद्रा असे. कॅमेऱ्याच्या पाठीवरची लहानशी झडप उघडावयाची, टोकदार लेखणीनें त्या कागदावर लिहावयाचें आणि तो भाग कांहीं सेकंद उजेडाकडे धरावयाचा. दाबलेल्या अक्षरांतून प्रकाश आंत शिरे आणि फिल्म धुतल्यावर चित्राच्या कडेला नांव, गांव, तारीख उमटे. १९१५ मध्यें खिशांतल्या कोडॅकची ही ‘ऑटोग्राफिक’ आवृत्ति निघाली. त्या वेळीं युरोपांत महायुद्ध पेटलें होतें. कंपनीनें तिची जाहिरात ‘शिपायाचा कोडॅक’ म्हणून केली.

परंतु शिपायानें काय टिपावें, हा प्रश्न तोंवर उभा राहिला होता. १९१४ च्या नाताळांत ब्रिटिश आणि जर्मन शिपाई खंदकांतून बाहेर पडून एकमेकांस भेटले होते. कित्येकांनीं तंबाखूची देवघेवही केली होती. शिपायांनींच घेतलेलीं या भेटींचीं चित्रें जानेवारी १९१५ मध्यें लंडनच्या वृत्तपत्रांत झळकलीं. शत्रूच्या शेजारीं खेळीमेळीनें उभा असलेला आपला शिपाई सेनाधिकाऱ्यांस रुचणारा नव्हता. मार्च १९१५ मध्यें ब्रिटिश सैन्यांत खाजगी कॅमेरे बाळगण्यास कडक मनाई झाली. तींत अर्थ नव्हता असें नाहीं, कारण चित्र शत्रूच्या हातीं पडलें तर खंदकाची जागा उघड होई. तथापि पश्चिम आघाडीवर ब्रिटिशांचा पहिला सरकारी छायाचित्रकार अर्नेस्ट ब्रूक्स १९१६ मध्यें आला. मधल्या काळांतील सामान्य शिपायाचें जिणें आज आपणांस दिसतें, तें पुष्कळसें हुकूम मोडून लपविलेल्या कॅमेऱ्यांमुळेंच. सेनापतींचीं चरित्रें इतर लिहितात. शिपायाची बखर त्यालाच लिहावी लागली.

ही आवृत्ति १९२६ पर्यंत निघत राहिली. पुढें ती लिहिण्याची सोयही मागें पडली. आजचा कॅमेरा वेळ आपोआप नोंदवितो, पुष्कळदां स्थळही नोंदवितो. परंतु चित्रांतला मनुष्य कोण आणि तो आपला कोण लागत होता, हें कोणींतरी लिहून ठेवल्यावांचून उरत नाहीं. तेव्हां श्रोतेहो, घरांतलीं वडील माणसें आहेत तोंवर ती पेटी एकदां त्यांच्यापुढें उघडा, आणि प्रत्येक चित्रामागें मऊ पेन्सिलीनें हलकेंच नांव लिहून ठेवा.