चंद्रावर भगवानदादा

१९६७ साली, म्हणजे नील आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी, दारासिंग चंद्रावर जाऊन आला. सोबत आपले भगवानदादा होते. सिनेमाचं नाव 'चांद पर चढाई', दिग्दर्शक टी. पी. सुंदरम, कृष्णधवल. चंद्रावर माणसं राहतात, राजकन्या आहे, अगडबंब राक्षस आहे, आणि दारासिंग असल्यामुळे कुस्तीही आहे. गुरुत्वाकर्षण एकषष्ठांश वगैरे भानगडी नाहीत, धोबीपछाड परळच्या आखाड्यात बसेल तशीच बसते. यूट्यूबवर शोधलात तर सापडेल. एकट्याने बघू नका, तीनचार मित्र आणि चिवडा घेऊन बसा.

हे "मित्र घेऊन बसा" प्रकरण अमेरिकेत एका माणसाने थेट टीव्हीवर आणलं. जोएल हॉजसन नावाचा एक स्टँड-अप कॉमेडियन. २४ नोव्हेंबर १९८८ रोजी मिनियापोलिसच्या केटीएमए या लोकल चॅनेलवर त्याने 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' सुरू केलं. चाहते त्याला एमएसटीथ्रीके म्हणतात. कल्पना अशी: एका माणसाला उपग्रहावर कोंडलंय आणि पृथ्वीवरचे वेडे शास्त्रज्ञ त्याला भिकार सिनेमे बघायला लावतात. सोबतीला त्याने भंगारातून रोबो बनवलेत. टॉम सर्वोचं डोकं म्हणजे दुकानात ठेवतात ते च्युइंगगमच्या गोळ्यांचं काचेचं मशिन. पडद्यावर जुना सायन्स फिक्शन सिनेमा जवळजवळ पूर्ण चालतो. खाली खुर्च्यांची रांग आणि तीन काळ्या सावल्या दिसतात, आणि त्या सावल्या शेवटपर्यंत शेरे मारत राहतात. बस, एवढंच! पण यावर तो कार्यक्रम आधी कॉमेडी चॅनेलवर (पुढे त्याचंच कॉमेडी सेंट्रल झालं) आणि मग साय-फाय चॅनेलवर १९९९ पर्यंत चालला. २०१५ मध्ये चाहत्यांनी किकस्टार्टरवर पन्नास लाख डॉलर्सच्या वर रक्कम जमवून तो परत सुरू करवला.

सुरुवातीला ते शेरे उत्स्फूर्त असायचे. नंतर लेखकांची टोळी एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघून, सेकंद मोजून, संवादांच्या फटीत विनोद बसवायला लागली. ज्यांनी कोणी दुसऱ्याच्या जुन्या कोडमध्ये एक ओळही न हलवता नुसत्या कॉमेंट्स टाकल्या असतील, त्यांना ही कसरत कळेल.

आता प्रश्न असा की आपल्याकडे हे का झालं नाही? कच्चा माल तर गिरणगावातच तयार होत होता. जे. बी. एच. आणि होमी या वाडिया बंधूंनी १९३३ मध्ये वाडिया मूव्हीटोन काढली. स्टुडिओ कुठे, तर परळला, लवजी कॅसलमध्ये. लवजी नसरवानजी वाडिया या जहाजबांधणीवाल्यांचं नाव त्या वाड्याला. तिथेच १९३५ ची 'हंटरवाली' झाली. नायिका मूळची ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स ऊर्फ फियरलेस नादिया. चाबूक, घोडा, मारामारी आणि तिचं ते खास हिंदी. पुढे १९४२ मध्ये याच जागेत व्ही. शांतारामांचं राजकमल कलामंदिर आलं. आपल्या सिनेमाच्या इतिहासात राजकमलवर प्रकरणंच्या प्रकरणं असतात, वाडियांच्या वाट्याला परिच्छेद येतो. असो.

विज्ञानपट म्हणाल तर आपला लाडका विषय अदृश्य माणूस. १९३७ मध्ये विजय भट्टांनी 'ख्वाब की दुनिया' काढला, एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरून. त्यात वस्तू आपोआप हलवण्याचं काम बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या दोऱ्याने केलं आणि इंडस्ट्रीत त्यांचं नावच 'काला धागा' पडलं. मग १९५७ चा अशोककुमारचा 'मिस्टर एक्स', १९६४ चा किशोरकुमारचा 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' आणि १९८७ चा 'मिस्टर इंडिया'. पन्नास वर्षांत फॉर्म्युला तोच. कारण उघड आहे, अदृश्य माणूस हा जगातला सर्वात स्वस्त स्पेशल इफेक्ट. तो दाखवावाच लागत नाही! यान बांधायचं म्हणजे सुतार, पत्रा, रंग. अदृश्य माणसाला एक दोरा आणि एक कपबशी पुरते.

(छापील मराठी विज्ञानकथा मात्र या काळात अगदी सभ्य घरातली होती. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. पुस्तकातला अंतराळवीर केंब्रिजचा, पडद्यावरचा कुस्तीच्या आखाड्यातला. दोघांची कधी गाठ पडली नाही.)

शेरे मारणाऱ्यांचीही वानवा नव्हती. पिटातलं पब्लिक काय करत होतं असं तुम्हाला वाटतं? रीळ तुटलं की बोंब, व्हिलन दाराआड लपला की हिरोला मोठ्याने सूचना, नायिका रडायला लागली की मागून एखादा आवाज. लालबाग-परळच्या भारतमातापासून दादरच्या चित्रापर्यंत (ते २०१९ मध्ये बंद झालं) स्वस्त तिकिटाच्या रांगांमधून हे फुकट चालायचं. आणि खरी मजा गणपतीत. गिरगाव-लालबागच्या गल्ल्यांत आडवा पांढरा पडदा बांधून सोळा एमएमचे सिनेमे दाखवायचे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना पब्लिक. उलट्या बाजूला बसलेल्यांना सगळे हिरो डावखुरे दिसायचे आणि नावं उलटी. आधीच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, तो सिनेमाची गोष्ट नाही सांगणार, कोण काय ओरडला ते सांगेल. सिनेमा पाठ, रात्र मोठी, समोर ओळखीची चाळ. मिनियापोलिसवाल्यांनी ज्यासाठी लेखक नेमले, ते इथे चाळीतल्या पोरांनी गॅलरीतून केलं.

त्याच्याही मागे जायचं तर तमाशाची गवळण आहे. कृष्णाने गौळणींना अडवण्याची कथा सगळ्यांना तोंडपाठ. ती गंभीरपणे चालूच राहते आणि मावशी, पेंद्या तिच्यावर बोलत राहतात. मावशी म्हणजे अर्थात मिशी काढलेला पुरुष. मूळ गोष्ट बदलायची नाही, थांबवायचीही नाही, तिच्या शेजारी उभं राहून तिची फिरकी घ्यायची. टॉम सर्वो याहून वेगळं काय करतो? नायगावच्या चाळीत वाढलेले दादा कोंडके १९६५ पासून वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'त हेच करत होते. राजा-प्रधानाची जुनाट गोष्ट आणि तिच्या मधे कोंडक्यांचे त्या त्या दिवसाच्या बातम्यांवरचे शेरे. पंधराशेच्या वर प्रयोग झाले.

म्हणजे माल आहे, माणसं आहेत, परंपरा आहे. तरी टीव्हीवर आलं ते वेगळंच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथे 'गजरा'सारखे विनोदी कार्यक्रम आले, पण ते प्रहसनांचे. केबलवर एमटीव्हीचं 'फुली फालतू' आलं, हिंदी सिनेमांचं विडंबन. आणि २०१४ पासून २०२४ पर्यंत झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या'. भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे ही मंडळी सिनेमातले प्रसंग घेऊन त्यांची उडवायची. भाऊ कदमांचं टायमिंग म्हणजे टायमिंग, वाद नाही. पण हे विडंबन झालं. यात सिनेमा पुन्हा नव्याने, वेड्यासारखा रचायचा असतो. मूळ सिनेमा पडद्यावर नसतोच. आणि समोर पाहुणे म्हणून त्याच सिनेमाचे कलाकार प्रमोशनला आलेले! ज्याच्या लग्नात जेवायला बसलोय त्याच्या बासुंदीला कितपत नावं ठेवणार? चिमटा काढायचा, पण वळ उठता कामा नये.

जोएलची सोय अशी होती की त्याच्या सिनेमांचे मायबाप एक तर हयात नव्हते, नाही तर कुणाला पर्वा नव्हती. चॅनेलला ते सिनेमे कवडीमोलाने मिळत. फुकटात पडून असलेलं जुनं काहीतरी उचलायचं आणि त्यावर स्वतःची मेहनत चढवायची. धंद्याचं हे गणित आपल्या चॅनेल्सना मांडावंसं वाटलं नाही, कारण आपल्याकडे जुन्या सिनेमापेक्षा नव्या सिनेमाच्या जाहिरातीत पैसा आहे.

त्यामुळे झालं काय, की खराखुरा एमएसटीथ्रीके आपल्याकडे इंजिनियरिंगच्या हॉस्टेलात झाला. १९९८ चा कांती शाहांचा 'गुंडा' २००० नंतर लॅनवरून हॉस्टेलोहॉस्टेली फिरला. यमकातले ते संवाद पाठ नसलेला माणूस बॅचमध्ये अडाणी समजला जायचा. २०१० च्या दशकात कनन गिल आणि बिस्वा कल्याण रथ यांनी यूट्यूबवर जुने बॉलिवूड सिनेमे लावून बाजूला बसून फाडायला सुरुवात केली. दोघेही इंजिनियर, हे वेगळं सांगायला नको. :-)

आणि इथे मला जरा टोचतं. चाळीतलं पोर ओरडायचं तेव्हा ते आपल्यासाठीच बनवलेल्या सिनेमावर ओरडायचं. दुसऱ्या आठवड्यात तिकीट काढून परत जायचं. आपण हॉस्टेलात हसलो ते "असल्या लोकांच्या" सिनेमावर. शेरा तोच, पण खुर्ची वेगळी. दारासिंगचे सिनेमे ज्यांच्यासाठी होते, त्यांच्या गिरण्या १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर हळूहळू बंद पडल्या आणि त्यातल्या काही जमिनींवर आज आपल्यापैकी कित्येकांची ऑफिसं आहेत.

एमएसटीथ्रीकेवरही हा आरोप झालाच, की मेलेल्यांची टर उडवता. पण 'मॅनोस: द हँड्स ऑफ फेट'चं काय झालं बघा. एल पासो नावाच्या गावातल्या एका खतविक्या माणसाने १९६६ मध्ये हा सिनेमा काढला. कॅमेरा किल्लीचा, एका वेळी जेमतेम अर्धा मिनिट शूट करणारा, आवाज सगळा नंतर भरलेला. त्याचा कुणाला पत्ताही नव्हता. १९९३ मध्ये जोएलच्या टोळीने त्याची इतकी टर उडवली की तो जगातला सर्वात वाईट सिनेमा म्हणून प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये एकाला त्याची मूळ वर्कप्रिंट सापडली आणि लोकांनी वर्गणी काढून ती दुरुस्त करवून घेतली. शिवाय कार्यक्रमाच्या श्रेयनामावलीत प्रेक्षकांना टेपा कॉपी करून फिरवत राहा असंच सांगितलेलं असायचं. बॅकअप पॉलिसी म्हणतात ती हीच.

भगवान आभाजी पालव हे गिरणीकामगाराचं पोर, दादर-परळमध्ये वाढलेलं. कमी पैशात स्टंटपट काढणं ही त्यांची खासियत. नट, दिग्दर्शक, निर्माता, सगळं स्वतःच. १९५१ च्या 'अलबेला'ने पैसा दिला. जुहूला बंगला आला, गाड्या आल्या. पुढच्या सिनेमांत सगळं गेलं आणि ते दादरच्या चाळीत परतले. गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीखाली थांबायची, बँडवाले 'अलबेला'तलं गाणं धरायचे आणि दादा खाली येऊन दोन स्टेप्स टाकायचे, अशी गोष्ट सांगितली जाते. २००२ च्या फेब्रुवारीत तिथेच ते वारले. २०१६ मध्ये त्यांच्यावर 'एक अलबेला' आला, मंगेश देसाईंनी त्यांचं काम केलं.

पण त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेले सुरुवातीचे बरेचसे स्टंटपट आज बघायला मिळत नाहीत. गोरेगावच्या गोदामाला आग लागली, प्रिंट्स जळल्या. त्या सिनेमांना कुणी हसणंही आता शक्य नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली, त्यातही असंच बरंच गेलं. गिरगावच्या मॅजेस्टिकला १४ मार्च १९३१ रोजी लागलेला 'आलम आरा' तर कुठेच नाही. ना प्रिंट, ना थिएटर.

'चांद पर चढाई' मात्र राहिला. प्रिंट खराब आहे, आवाज फाटतो. राक्षस येतो तेव्हा दारासिंग शर्ट सावरून पुढे होतो, आणि कोपऱ्यात भगवानदादा गोल डोळे करून उभे आहेत.